रंभाजीची लिंक

बोरखडी नावाच्या गावात रंभाजी नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा म्हणजे किती? आई म्हणाली, "रंभा, दुधावर नजर ठेव," तर दूध उतू गेलं, चूल विझली, घरभर करपट वास सुटला, तरी हा आपला पातेल्यासमोर मांडी घालून बसलेला. नजर मात्र एकदाही हलली नाही, हे मान्य करावं लागेल.

तर या रंभाजीचा जीव शेजारच्या गावच्या कावेरीवर जडला. जत्रेत ती पाळण्यात बसली होती. पाळणा वर गेला, खाली आला, आणि याचं अन्नावरचं मन उडालं. पाचवी भाकरी नको म्हणायला लागला. त्याची आई गयाबाई घाबरली. तिनं कावेरीच्या वडिलांकडं, महिपत तात्यांकडं, निरोप धाडला.

तात्या म्हणाले, "पोरगा सरळ आहे असं ऐकून आहे. पण नोकरी नाही. आधी नोकरीला लागू दे, महिनाभर टिकू दे, मग बघायला या."

झालं. रंभाजी नोकरीला लागला. तालुक्याला एका मोबाइलच्या दुकानाच्या माडीवर हेमराज सरांचं ऑफिस होतं. काम अगदी हलकं. लोकांना फोनवर एक लिंक पाठवायची. त्यांनी ती दाबायची, वेबसाइटवर आपलं नाव-नंबर भरायचा, की सर खूश.

"आत काय असतं सर?" रंभाजीनं विचारलं.

"आत आणखी एक लिंक असते."

"आणि तिच्या आत?"

"तू कामाला लाग," सर म्हणाले.

रंभाजी कामाला लागला. साऱ्या गावाला मेसेज केला. 'ही लिंक दाबा. आत काही नाही. तुम्ही दाबलीत तर माझी नोकरी टिकेल आणि लग्न होईल.' एकाही माणसानं दाबली नाही. गयाबाईनं दाबली असती, पण तिच्याकडं फोन नव्हता.

हेमराज सरांनी कपाळाला हात लावला. "अरे बाबा, खरं सांगून कुणी येतं का? माणूस दिसला की तोंडभर हसायचं आणि म्हणायचं, 'अभिनंदन, आता तुमचा नंबर लागला.' लोक हुरळतात आणि दाबतात."

"बरं सर. आता तसंच म्हणतो."

गावात शिरतो तर सखाराम आबांच्या दारात ही गर्दी. आबा सकाळीच गेले होते. त्यांचे धाकटे भाऊ गंगाराम, तेही नव्वदीला टेकलेले, ओट्यावर काठी धरून बसले होते. माणसं हळू आवाजात बोलत होती. रंभाजी गर्दीतून वाट काढत थेट म्हाताऱ्यापुढं गेला, तोंडभर हसला आणि म्हणाला, "अभिनंदन आजोबा, आता तुमचा नंबर लागला."

पुढचं सांगायला नको. म्हातारा नव्वदीचा असला तरी काठी शिसवाची होती.

दुसऱ्या दिवशी टेंगूळ चोळत रंभाजीनं सगळी हकीकत सांगितली. सर म्हणाले, "तू उपरा वाटलास, म्हणून मार खाल्लास. आपलं नाव पुढं करायचंच नाही. ज्याच्याकडं जायचं, त्याच्या जिवाभावाच्या माणसाचं नाव घ्यायचं. 'अमक्यानं खास तुमच्यासाठी पाठवलंय, लगेच उघडा.' मित्राचं नाव ऐकलं की माणूस विचार करत नाही, उघडतो."

"त्या मित्राला माहीत असतं का सर?"

"त्याला कशाला माहीत असायला हवं?"

"बरं सर. आता तसंच म्हणतो."

संध्याकाळी गयाबाईनं त्याच्या हातात पिंजरा दिला. आत उंदीर सापडला होता, चांगला मांजराएवढा. "लांब नेऊन सोड," ती म्हणाली. रंभाजी निघाला. वाटेत यमुनाकाकूंचं दार लागलं. त्यानं कडी वाजवली.

"काकू, तुमच्या सखूमावशीनं खास तुमच्यासाठी पाठवलंय. लगेच उघडा."

सखूमावशी म्हणजे काकूंची बाळपणापासूनची मैत्रीण. काकूंनी चष्माही शोधला नाही. पिंजरा घेतला, उघडला, आणि उंदीर सरळ पिठाच्या डब्यात. जन्मभर एकमेकींचे पापड लाटलेल्या दोघी त्या दिवशी चावडीपुढं एकमेकींच्या सात पिढ्या काढत होत्या. मावशी शपथा घेत होत्या, काकू ऐकत नव्हत्या.

हेमराज सरांना खरं तर याला हाकलायचं होतं. पण त्या माडीवर दुसरं कुणी चार दिवससुद्धा टिकत नव्हतं. ते म्हणाले, "चूक कुठं झाली सांगू? तू त्यांना भांडायला वेळ दिलास. माणसाला वेळच द्यायचा नाही. 'शेवटच्या दोनच जागा उरल्यात, आत्ता या, नाहीतर कायमचे मुकाल.' अशी घाई करायची."

"आणि जागा पुष्कळ असल्या तर?"

"तरी दोनच."

"बरं सर. आता तसंच म्हणतो."

गावात सप्ताह संपला होता. देवळापुढं पंगती बसत होत्या. बुंदीची ताटं भरलेली, आमटीचा मोठा हंडा चुलीवर, अख्खं गाव दोनदा जेवेल एवढा भात. रंभाजीला पाणी वाढायला ठेवलं होतं. त्यानं जग खाली ठेवला, पारावर चढला आणि गरजला, "शेवटची दोनच पानं उरलीत. आत्ता या, नाहीतर कायमचे मुकाल."

जे उठले होते ते पुन्हा बसले. जे बसले होते त्यांच्या मांडीवर दुसरे बसले. कीर्तनकार बुवांनी धोतर खोचलं आणि दोन ओळी ओलांडून पान गाठलं. त्या रेटारेटीत हंडा कलंडला आणि आमटी देवळाच्या पायऱ्या उतरून गटाराला मिळाली.

दुसऱ्या दिवशी सरांनी हे सगळं ऐकलं. मग हात जोडून म्हणाले, "रंभाजी, तू आता तोंडच उघडू नकोस. नुसती माणसं आण. आपल्यामागून पाच जण आणले की आपलं पक्कं होतं, हा या धंद्याचा कणा आहे. पण आणायचे ते गरजू आण. ज्याला नको त्याला आणून काय उपयोग?"

"बरं सर," रंभाजी म्हणाला, आणि लगेच तोंड मिटलं.

मार खात, बोलणी खात का होईना, महिना भरला. तात्यांचा निरोप आला, रविवारी बघायला या. रंभाजीला आनंदानं झोप येईना. त्यांच्यात पहिल्या बघण्याला बायका जात नाहीत आणि वडील तर कधीच वारलेले. गयाबाईनं त्याच्या डोक्याला तेल लावलं आणि म्हणाली, "एकटा जाऊ नको रे. चार-पाच माणसं सोबत ने."

तिला म्हणायचं होतं, मामा, चुलते, एखादा जाणता माणूस. रंभाजीनं मान डोलावली आणि गरजू शोधायला बाहेर पडला.

गरजूंना काय तोटा? बोरखडीत लग्नाची पोरं गल्लोगल्ली बसलेली. मुलगी बघायला चला, असं खुणेनं सांगितल्यावर पाच जण इस्त्रीचे शर्ट घालून, केसांना पाणी लावून तयार.

तात्यांनी सगळ्यांना सतरंजीवर बसवलं. वाटलं, मित्रमंडळी आहेत. कावेरी पोह्यांचा ट्रे घेऊन आली, आणि सहाच्या सहा माना एकदम वर झाल्या.

"काय काम करता?" तात्यांनी रंभाजीला विचारलं.

रंभाजीनं ओठ घट्ट मिटले होते. कुणीच बोलेना, म्हणून त्याच्या शेजारी बसलेला अंकुश म्हणाला, "डेअरीत आहे मी. घरच्या दोन म्हशी आहेत."

"मुलीला काही विचारायचं?" तात्या पुन्हा रंभाजीकडं बघून म्हणाले.

रंभाजी कावेरीकडं बघत होता. विचारायचं पुष्कळ होतं. पण शब्द म्हणजे शब्द. पुन्हा अंकुशच बोलला. "म्हशीला भिता का तुम्ही?"

"म्हैस भीत असेल तर बघा," कावेरी म्हणाली आणि हसली.

तात्या आत गेले. बऱ्याच वेळानं बाहेर आले. म्हणाले, "मुलीला पसंत आहे. अंकुशराव, तुमच्या घरच्यांना घेऊन या."

रंभाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याला 'पाच जण आणले की आपलं पक्कं' हे सरांचं बोलणं आठवलं आणि त्याचा चेहरा उजळला.

गयाबाई उंबऱ्यात वाट बघत बसली होती. "काय झालं रे? जमलं का?"

"जमलं आई," रंभाजीनं आता कुठं तोंड उघडलं. "तारीखसुद्धा काढणार आहेत."

गयाबाईनं देवापुढं साखर ठेवली, त्याच्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली. "माझ्या लेकाचं नशीब उघडलं गं बाई."

"उघडलं म्हणजे काय," रंभाजी म्हणाला. "नवरा तेवढा अंकुश आहे. पण आला माझ्याच लिंकवरून."