बाळराजांचा चिखल

वाळत घातलेल्या सातव्या धोतरावर चिखलाचा गोळा येऊन बसला, तेव्हा सगुणा परटिणीने ते तसंच काखोटीला मारलं आणि तडक दरबार गाठला.

"महाराज, धोतर तुमचं, चिखल तुमच्या बाळराजांचा. मधल्या मधे मी मरते!"

आठ वर्षांचे बाळराजे म्हणजे अख्ख्या गावाला ताप. पण लेकाची तक्रार राजाला खपायची नाही. तो लालबुंद झाला.

"एवढी शहाणी आहेस, तर तूच सुधार त्याला. आठ दिवसांत. मारायचं नाही, ओरडायचं नाही, खाऊ द्यायचा नाही. नाही जमलं तर नदीचा घाट सोडायचा!"

घाट गेला तर सगुणाने कपडे काय चुलीवर धुवायचे? तरी ती म्हणाली, "पाठवा."

बाळराजे आले ते चिखल उचलतच. सगुणा पिळे घालता घालता म्हणाली, "हवंय काय तुम्हाला?"

हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "नेम धरायचाय," ते पुटपुटले.

"धरा की. पण माझे कपडे मळता कामा नयेत. काढा तोड."

"तू कपडे धूच नकोस."

"मग तुमचे आबासाहेब दरबारात काय नेसून बसतील?"

बाळराजे खुदकन हसले. "कपडे उंच वाळत घाल."

"तुमचा नेम त्याहून उंच जातो. आणखी?"

बराच वेळ डोकं खाजवून शेवटी त्यांनी घाटावरचं एक पिचलेलं मडकं चिंचेला टांगलं. आठ दिवस मडकी फुटली, धोतरं शुभ्र राहिली. बाळराजे चिडले की सगुणाचं एकच, "हवंय काय? काढा तोड." तोड मात्र तिने एकदाही सांगितली नाही.

नवव्या दिवशी भर दरबारात राजाने परीक्षा म्हणून लेकाचा लाडका भोवरा हिसकावला. बाळराजांचे कान तापले. त्यांनी शाईची दौत उचलली. समोर राजाचं सकाळीच धुतलेलं धोतर!

दौत हातातच थांबली.

"आबासाहेब, तुम्हाला हवंय काय?"

राजा गडबडला. "मला... तुला राग येतो का, ते बघायचंय."

"आला. बघितलात. आता भोवरा द्या."

राजा पोट धरधरून हसला. घाट कायमचा सगुणाचा झाला, वर नवं लुगडं मिळालं.

ती निघाली, तशी पडद्याआडून राणीसाहेबांनी हळूच हाक मारली. "सगुणे, आणखी आठ दिवस मोकळी आहेस का? आता यांना पाठवते."

"पाठवा की," सगुणा म्हणाली. "मडकी तेवढी मोठी लागतील."