चंदेरी हात

एकदा एक लढाऊ जेट विमान रंगवून पुरं झालं. लांबी वीतभर. ते रंगवणारा शिष्य पोटापाण्यासाठी गाड्यांच्या नंबरपाट्या लिहायचा. गुरू म्हणजे हवाई दलात उभी हयात विमानांची देखभाल केलेला एक म्हातारा. निवृत्तीनंतर तो ओसरीत बसून प्लास्टिकचे सुटे भाग जोडी आणि त्याच विमानांच्या छोट्या प्रतिकृती करी. तोंडाचा मोठा फटकळ. शिष्य वर्षानुवर्षं त्याच्याकडे येत होता, पण "हात बसला" एवढे दोन शब्द काही त्याच्या कानी पडले नव्हते. आजही पडले नाहीत तर ब्रश गुंडाळून ठेवायचे, असं तो मनाशी ठरवूनच आला होता.

म्हणूनच त्याने या खेपेला म्हाताऱ्याचं विमान निवडलं होतं. तरुणपणी म्हाताऱ्याने ज्याची निगा राखली, नेमकं तेच. शेपटीवरचा क्रमांकसुद्धा तोच, मुंगीएवढ्या आकड्यांत.

म्हाताऱ्याने विमान उजेडात धरून फिरवलं. क्रमांक दिसताच त्याची बोटं थांबली.

"ओळखलंत ना, आबा?"

"न ओळखायला काय झालं? लेकाचं सारखं तेल गळायचं. माझे दोन गणवेश खाल्ले त्याने."

शिष्याला धीर आला. "करड्या रंगाचे दोन हात दिलेत. खाली पहिला हात चंदेरी, तुमचा हुकूम म्हणून. झाकलाच जाणार, तर तो द्यायचा कशाला, हे मला अजून उमगलेलं नाही."

म्हाताऱ्याने धारदार पाती उचलली आणि वैमानिकाच्या बैठकीच्या डाव्या कडेवरचा रंग सरळ खरवडायला घेतला.

"आबा! अहो, काय करताय! दिवाळीपासून बसलोय मी त्याच्यावर!"

"बस अजून. आणि तोंड मीट."

करडा रंग उडाला. खालून तिळाएवढा चंदेरी ठिपका चमकला. शिष्याचे डोळे भरून आले. विमान तर गेलंच. आता हात बसल्याचं कोण कशाला म्हणतंय!

"हे तू कारखान्यातून आल्यासारखं रंगवलंयस," म्हातारा म्हणाला. "चूक एक नाही. पण माझं विमान असं नव्हतं. आमचे साहेब शिडी चढले की आत पाय टाकण्याआधी ही कड डाव्या तळव्याने गच्च धरायचे. रोज. तिथला रंग झिजून पत्रा उघडा पडायचा. रंगवाला नवा हात देऊन जायचा आणि साहेबांचा हात तो पुन्हा खाऊन टाकायचा. साहेबांचे पट्टे आवळताना ती चकाकी दिसायची मला. पुढे त्यांची बदली झाली, विमानही मोडीत निघालं. आता त्यांचा चेहरासुद्धा मला धड आठवत नाही बघ. हात कुठे बसायचा, ते मात्र आठवतं. वरचा रंग सरकारचा, लेका. तो जिथे झिजला, तेवढंच आमचं. त्याच्यासाठी खाली चंदेरी."

शिष्याने मांडीवरचा रंगाचा भुगा झटकला नाही. त्याने हळूच विचारलं, "आणि तुमचा, आबा? तुमचा हात कुठे बसायचा?"

हे म्हाताऱ्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तो उगाच खाकरला, मग नखाने विमानाच्या नाकाची बगल दाखवली. "इथे. परत आलं की. गरम असायचं, तरी."

शिष्याने पाती मागून घेतली. नाकाच्या बगलेत दुसरा ठिपका उजळला, पहिल्याहून फिका, जणू कुणी नुसतंच थोपटलं असावं.

चष्मा काढून म्हातारा तो सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसत राहिला.

"बसला," तो म्हणाला.

कुणाचा, ते शिष्याने विचारलं नाही.