चालू होतं तसंच

"सगळं जपलंय मॅडम, काही म्हणजे काही सोडलं नाही. मग दुसऱ्या पानावर मरतंय का ते?"

शार्दूल पाटणे उघडा लॅपटॉप घेऊन आत घुसला. चपलासुद्धा काढल्या नाहीत पठ्ठ्यानं.

मिरजेत मुजावर मॅडमच्या हाताखाली प्रोग्रॅमिंग शिकलेली पोरं पुष्कळ. त्यात हा सगळ्यात हुशार, आणि हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. डायलिसिसच्या रुग्णांना घरबसल्या वेळ मिळावी म्हणून त्यानं साइट बांधली होती. उद्या सकाळी ती सुरू व्हायची. नाही झाली, तर ती आजारी माणसं पुन्हा पहाटेपासून रांगेत.

पहिल्या पानावर नाव भरायचं, दुसऱ्यावर वेळ निवडायची. पान बदललं की सर्व्हर सगळं विसरतो. म्हणून शार्दूलनं रुग्णाची माहिती एका ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे एका गाठोड्यात, भरून पुढच्या पानासाठी साठवली होती. तरी दुसऱ्या पानावर वेळ नोंदवायला गेलं की साइट बंद पडायची.

"काय काय भरलंस?" मॅडम शेंगा सोलत होत्या.

"नाव, रक्तगट, डॉक्टर... नोंदी जिथं राहतात त्या डेटाबेसशी जोडलेलं कनेक्शनसुद्धा. चालू होतं तसंच."

"चालू होतं तसंच?"

"मग! अर्धवट काम आपल्याला जमत नाही."

आता ह्याला काय म्हणावं! मॅडम नुसत्या हसल्या.

"आईला फोन लाव."

"आत्ता?"

"लाव रे."

लावला. पलीकडून आई म्हणाली, "जेवलास का?" तेवढ्यात मॅडमनी फोन ओढून घेतला, बंद केला, पुन्हा चालू केला आणि त्याच्या हातात ठेवला.

"हं. दे आता आईला उत्तर."

"अहो, कट झाला की फोन!"

"फोन तर तुझाच आहे. नीट जपून दिलाय."

"पण पुन्हा लावावा ला..."

शार्दूलनं झटकन लॅपटॉप पुढ्यात ओढला.

मॅडम शेंगा सोलत राहिल्या.

त्यानं साठवणीतून कनेक्शन काढून टाकलं. पान उघडलं की ते नव्यानं जोडायचं, असं लिहिलं. मग श्वास रोखून दुसरं पान उघडलं. नाव होतं, रक्तगट होता. वेळ निवडली... नोंदली गेली! पोरगं आनंदानं ओरडलंच.

मग जरा फुरंगटून म्हणालं, "एवढंच होतं तर सरळ सांगायचं की, मॅडम! तिकडं आई काळजीत पडली असेल."

"सांगितलं असतं, तर तेही नुसतं साठवून ठेवलं असतंस."