मागचा डावा टायर

विषय: कार्यालयाच्या हायब्रिड मोटारीचे मागील दोन टायर बदलण्याबाबत.
संदर्भ: वाहनचालक इनूस मुलाणी यांचा अर्ज.

उपरोक्त विषयी हकीकत अशी की, खड्ड्यात आपटून मागच्या डाव्या टायरला बाजूने लिंबाएवढा फुगा आला. मुलाणींनी अर्ज केला की, बॅटरीमुळे ही गाडी जड आहे, तरी जास्त वजन पेलणारे टायर घ्यावेत आणि मागचे दोन्ही एकदम बदलावेत.

खासनीस साहेबांनी शेरा मारला, ‘गाडी निम्मी विजेवर चालते. सबब टायरही निम्मेच झिजले असणार. आहे तेच वापरावेत.’

सोमवारी साहेबांचा महाबळेश्वरचा दौरा होता. ते नेहमीप्रमाणे मागे डाव्या बाजूला बसले. मुलाणींनी गाडी सुरू करण्याऐवजी लॉगबुक आणि पेन मागे दिले.

“मुलाणी, इथे सही प्रवास संपल्यावर करायची असते. नोकरीला किती वर्षं झाली तुम्हाला?”

“चोवीस झाली, साहेब. पण आज वाटेत घाट आहे आणि तो टायर बरोबर तुमच्या खाली आहे. नंतर सहीला कोण सापडतं, कोण नाही. माझी मी सकाळीच करून ठेवलीय.”

साहेबांनी लॉगबुक पाहिले. मुलाणींची सही होती. मग ते उतरले आणि त्यांनी टायर प्रथमच वाकून पाहिला.

दौरा एसटीने पार पडला. अर्जावर आता ‘तातडीचे’ असा नवा शेरा आहे. अर्ज साहेबांच्याच टेबलावर असून अद्याप प्रलंबित आहे.