खारण्याचा ताटखडक

खारणे बंदराच्या तोंडाशी एक सपाट काळा खडक आहे. ओहोटीला उघडा पडतो, भरतीला दिसतही नाही. त्याला ताटखडक म्हणतात. तो दाखवायला म्हातारे धाकलू तांडेल आम्हांला घेऊन गेले, तेव्हा मी लेकीला कडेवरून उतरवेना.

"सोडा पोरीला, ताई. समुद्र तिला मागायला आला नाय."

मी सोडलं नाही.

एके काळी इथली गलबतं नारळ, काथ्या घेऊन मस्कतला जात आणि खजूर भरून परतत. एका वर्षी गलबताबरोबर पटकीची साथ आली आणि निम्मं गाव गेलं, असे सांगतात. तेव्हापासून गावाने ठरवलं: आजारी गलबताने बाहेरच नांगर टाकायचा. ज्याचं माणूस त्याने ओहोटीला खडकावर जेवण ठेवून मागे फिरायचं. मग गलबतावरच्यांनी येऊन ते न्यायचं.

साजू नावाच्या बाईचा थोरला लेक लखमू असाच बाहेर अडकला. ती रोज भात-कालवण ठेवून येई. एका दुपारी टोपली ठेवून वळते, तर लखमू पोहत खडकापाशी आलेला.

"आये, मला काय झालेलं नाय गं. येऊ का?"

मागे किनाऱ्यावर सारं गाव उभं. घरी पाळण्यात अंगावर पिणारं पोर. 'ये' तिच्या तोंडून निघेना, 'नको' तर त्याहून निघेना. शेवटी म्हणाली, "उद्या ये, बाळा."

"मग भाकऱ्या जास्त आण. एवढ्याशा भातात उंदीर पण उपाशी राहील," म्हणत लखमू हसला आणि टोपली डोक्यावर धरून परत फिरला.

दुसऱ्या दिवशी साजूने भाकऱ्यांची चळत आणली. कोणी आलं नाही. गलबतावरून एकाने ओरडून सांगितलं, लखमू पहाटे गेला. भाकऱ्या भरतीने नेल्या.

साजू पुढे पुष्कळ जगली. म्हणायची म्हणे, "नको म्हटलं असतं, तर भांडून आला असता. उद्या म्हटलं, म्हणून शहाण्यासारखा फिरला."

तिच्या जागी मी काय म्हटलं असतं, ते मला ठाऊक आहे. तेच, आणि बहुधा जास्त गोड आवाजात.

आजही खारण्यात दाराशी आलेल्याला कुणी 'उद्या ये' म्हणत नाही. नाही म्हणायचं तर तोंडावर नाही म्हणतात. नाहीतर हाताला धरून आत घेतात.