रिकामं घर

"पण बाई, ज्यात एकही ठिपका नाही, त्या घराला नंबर कशाला?"

हेमलतेनं हे विचारलं, तेव्हा तिचा नवस फेडायला श्रावणातला शेवटचा शुक्रवार तेवढा उरला होता.

लेकीच्या डोळ्याला इजा झाली, तेव्हा ती जिवतीपुढे पदर पसरून बोलली होती, "आई, पोरीची नजर राहू दे. ज्यांना दिसत नाही, त्या बायकांच्या हाती तुझी कहाणी देईन. त्यांची त्यांनी वाचावी अशी."

नजर राहिली.

मग हेमलता कालिंदीबाईंकडे ब्रेल शिकायला जाऊ लागली. बाई जन्मांध. वसतिगृहातल्या अंध बायकांना बोटांनी वाचायला शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले होते.

हेमलता शिकली झरझर. कॉम्प्युटरमध्ये ब्रेलचा एकेक आकार म्हणजे आठ जागांचं घर. प्रत्येक जागी ठिपका असेल, नाहीतर नसेल. असे दोनशे छप्पन्न आकार, प्रत्येकाला आपापला नंबर. पडद्यावर ते रांगोळीच्या ठिपक्यांसारखे उमटत. तिला सगळे नुसते बघून तोंडपाठ झाले आणि मान जरा ताठ झाली.

कहाणी लांब, ब्रेलचा कागद जाड. संसारी बाईचा हात आखडता! तिनं शब्दाशब्दांमधली सगळी रिकामी घरं काढून टाकली. जिथे ठिपकाच नाही, तिथे बोटाला लागणार काय? जुनी प्रतही ठेवली नाही.

शुक्रवारी वाचायचं होतं वसतिगृहातल्या यमुनेनं. त्याआधी एकदा सराव म्हणून, मशीनमधून ठिपके उठून आलेल्या कागदावर तिनं बोट ठेवलं. बोट निघालं, अडलं, मागे आलं, पुन्हा अडलं.

"काकू, जिवतीआईला धाप लागलीय वाटतं. श्वासच घेत नाही."

सगळ्या हसल्या. हेमलतेचा चेहरा उतरला. म्हणून तो प्रश्न.

बाईंनीच उलट विचारलं, "त्या रांगेत पहिला नंबर कुणाचा गं?"

"रिकाम्याचाच की."

"हं... बस समोर. मी कहाणी सांगते, तू हुंकार दे."

आणि बाई सुटल्या. राजा, राणी, सुईण, पूजा, फुटाणे, सगळं एका दमात. हेमलतेनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"हुंकार नाही दिलास?"

"तुम्ही थांबाल तर देईन ना!"

बाई नुसत्या हसल्या.

हेमलता उठली ती थेट कॉम्प्युटरपुढे जाऊन बसली. कहाणी मोठ्यानं म्हणायची. शब्द संपला की एक रिकामं घर. पुन्हा शब्द, पुन्हा घर. देवाला फूल वाहावं तसं एकेक.

शुक्रवारी वसतिगृहात जिवतीपुढे दिवा लागला. बायका हातात अक्षता घेऊन बसल्या. आजवर इथे कुणीतरी डोळस बाई यायची, वाचायची, निघून जायची. आज यमुनेनं कागद मांडीवर घेतला.

बोट चाललं. थांबलं. चाललं.

"हूं," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

"हूं!" दोघी म्हणाल्या. मग सगळ्याच. यमुनेचा आवाज चढत गेला, हुंकार चढत गेला. स्वयंपाकघरातली बाई दुधाचं पातेलं तसंच हातात धरून दारात उभी राहिली. शेवटचा शब्द आला आणि अक्षतांचा पाऊस पडला.

"मी वाचली! कुणाला न विचारता, आख्खी!" यमुना ओरडली.

हेमलतेचे डोळे घळाघळा वाहत होते. ती बाईंच्या पाया पडली.

"फिटला, बाई! नवस फिटला माझा!"

बाईंनी चाचपडत तिचा हात धरला, यमुनेच्या मांडीवरच्या कागदावर नेऊन ठेवला.

"आता डोळे मिट, हेमा. तूही वाच."