खालची फळी

पूर्वी एका दवाखान्याच्या कपाटात वरच्या फळीवर अँटिबायोटिकची गोळी राहायची आणि खालच्या फळीवर लवंग.

पायानं माग चालवून कापड विणणाऱ्या गेनूबाईंच्या पायाचा अंगठा चिघळला. गोळी दोनदा लढून हरली, कारण जंतूंनी स्वतःभोवती चिकट भिंत बांधली होती.

"गोळीबाई, भिंत मी सैल करते, मारायचं काम तुमचं," लवंग म्हणाली.

"मसाल्याच्या डब्यातल्यांनी मला शिकवू नये."

गोळी तिसऱ्यांदाही एकटीच गेली. शेवटी अंगठा कापावा लागला.

काही दिवसांनी गेनूबाई लंगडत आल्या. "गोळीचा काय दोष? बिचारी एकटी किती लढणार? पण आता दुसरा पाय चिघळलाय. माग कायमचा बंद पडेल."

गोळीनं मान खाली घातली. खाली लवंग केव्हाची तयार उभी होती.

"लवंगताई," गोळी कशीबशी म्हणाली, "आधी तुम्ही चला."